पथारीवरची मिरची आणि तुमचे पहिले संशोधन

दिवाळी उलटली आणि हवेत गारवा आला, की नंदुरबार शहराबाहेरची मोकळी जमीन लाल दिसू लागते. आसपासच्या गावांतून ओली लाल मिरची बाजारात येते, व्यापारी ती विकत घेतात आणि उघड्यावर पसरून उन्हात सुकवतात. या सुकवण्याच्या जागेला आपल्याकडे ‘पथारी’ म्हणतात. पथारीजवळून सायकलने शाळेत जाताना तुम्हाला ठसकाही लागला असेल. कदाचित तुमच्याच घरचे कोणी तिथे देठ खुडायला जात असेल.

आता एक प्रश्न विचारतो. एक किलो सुकी मिरची मिळवायची असेल तर ओली मिरची किती किलो लागते? मिरचीचा थर पातळ ठेवला, तर जाड थरापेक्षा ती किती दिवस आधी सुकते? घरी विचारून पाहा. आजोबा एक उत्तर देतील, पथारीवरचा मुकादम दुसरे देईल, शेजारचे काका तिसरे. तिघेही अनुभवी असल्याने त्यांच्या सांगण्यात तथ्य असणारच. पण तिघांची उत्तरे वेगळी आली तर खरे कोणते मानायचे?

‘थांबा, मी मोजून पाहतो,’ असे ज्या क्षणी तुम्ही म्हणाल, त्या क्षणी तुमचे संशोधन सुरू झाले! त्यासाठी पांढरा कोट लागत नाही की परदेशी यंत्र लागत नाही. एक तराजू, एक वही आणि भरपूर चिकाटी एवढे पुरते. महाविद्यालयात जाण्यापूर्वी, शाळेतच असे काम का करावे आणि ते कसे करावे, हे आपण या लेखात पाहू या.

प्रकल्प म्हणजे संशोधन नव्हे

तुम्ही म्हणाल, ‘प्रकल्प तर आम्ही दर वर्षी करतो.’ खरे आहे. पण जरा आठवून पाहा. गेल्या वर्षी तुम्ही ‘जलप्रदूषण’ किंवा ‘सौर ऊर्जा’ हा विषय घेतला असेल. पुस्तकातून माहिती उतरवली असेल, चित्रे चिकटवली असतील, वहीला सुंदर वेष्टण घातले असेल. कधी कधी तर दुकानात तयार मिळणारी चित्रे आणि मजकूर जसाच्या तसा वहीत जातो. अशा वहीमुळे अक्षर सुधारते, थोडी माहितीही लक्षात राहते. मात्र वही लिहायला घेतली तेव्हा जे जगात कोणालाच ठाऊक नव्हते, ते वही संपल्यावरही कोणालाच ठाऊक झालेले नसते.

संशोधनाची खूण अगदी साधी आहे. ज्या प्रश्नाचे उत्तर आधीच पुस्तकात छापलेले नाही, असा प्रश्न घ्यायचा आणि निरीक्षण, मोजमाप व विचार यांच्या आधारे त्याचे उत्तर स्वतः शोधायचे. प्रश्न लहान असला तरी चालेल. ‘आमच्या गच्चीवर, डिसेंबर महिन्यात, अर्धा किलो मिरची किती दिवसांत सुकते?’ या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही ग्रंथालयात सापडणार नाही. ते तुम्हीच मिळवायचे आहे.

ही वाट जुनीच आहे

शाळकरी मुलांकडून संशोधन करून घ्यावे, ही कल्पना आपल्या देशाला नवी नाही. १९६३ साली दिल्लीत राष्ट्रीय विज्ञान प्रतिभाशोध योजना प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी ती देशभर लागू झाली. त्या योजनेत लेखी परीक्षा आणि मुलाखत तर होतीच, शिवाय विद्यार्थ्याला स्वतः केलेल्या प्रकल्पाचा अहवालही द्यावा लागे. १९७६ साली दहा अधिक दोन अधिक तीन हा नवा आकृतिबंध आला, तेव्हा त्या परीक्षेचेही स्वरूप बदलले. वस्तुनिष्ठ प्रश्नांना महत्त्व आले आणि प्रकल्पाचा अहवाल मागे पडला.

पण ती कल्पना संपली नाही. मुंबईच्या विज्ञान शिक्षकांच्या संघटनेने १९८१ साली डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सुरू केली. सहावी आणि नववीच्या मुलांसाठी असलेल्या या स्पर्धेत लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षेच्या पुढच्या टप्प्यावर कृतिसंशोधनाचा प्रकल्प असतो. १९९३ पासून देशभर राष्ट्रीय बालविज्ञान परिषद भरू लागली. १० ते १७ वर्षे वयाची मुले आपल्या परिसरातला एखादा प्रश्न निवडतात, काही महिने त्यावर गटाने काम करतात आणि अहवाल घेऊन आधी जिल्ह्याच्या, मग राज्याच्या आणि शेवटी राष्ट्रीय परिषदेत उभी राहतात. काम स्थानिक प्रश्नावर असावे आणि मुलांनी स्वतः केलेले असावे, यावर तिथे भर असतो. अहवाल आपल्या भाषेत मांडता येतो, ही गोष्ट आपल्यासारख्यांना फार मोलाची आहे.

बाहेरच्या देशांतही हाच विचार दिसतो. अमेरिकेत काही शाळांमध्ये महाविद्यालयाच्या तोडीचे अभ्यासक्रम शिकवले जातात. त्यांतला ‘एपी रिसर्च’ हा अभ्यासक्रम संपूर्ण वर्षाचा असतो. विद्यार्थी स्वतःचा प्रश्न निवडतो, चार ते पाच हजार शब्दांचा निबंध लिहितो आणि परीक्षकांसमोर उभा राहून त्यांच्या प्रश्नांना उत्तरे देतो. आंतरराष्ट्रीय पदविका अभ्यासक्रमातही प्रत्येक विद्यार्थ्याला चार हजार शब्दांपर्यंतचा संशोधननिबंध लिहावाच लागतो. तिथे हे काम वेळापत्रकात बसवलेले असते, मार्गदर्शक ठरलेला असतो, ग्रंथालय हाताशी असते. आपल्या बहुतेक शाळांत तसे नसते. म्हणून आपण हातात आहे त्यावर सुरुवात करायची.

चला तर, मिरचीचाच प्रश्न घेऊन एक संशोधन पहिल्या पायरीपासून करून पाहू.

पहिली पायरी : प्रश्न नेमका करा

‘मिरची कशी सुकते?’ हा प्रश्न फार मोठा आणि धूसर आहे. त्याला धरायचे कुठे, तेच कळत नाही. तो असा विचारून पाहा : ‘एकाच दिवशी आणलेली, एकाच वाणाची ओली लाल मिरची पातळ थरात पसरली आणि जाड थरात पसरली, तर सुकायला लागणाऱ्या दिवसांत फरक पडतो का? पडत असेल तर किती?’

या प्रश्नात आपण एकच गोष्ट बदलणार आहोत, ती म्हणजे थराची जाडी. वाण, वजन, जागा, ऊन हे बाकी सारे शक्य तितके सारखे ठेवायचे. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशामुळे पडला, ते सांगता येणार नाही. मोजायचे काय, तेही ठरले : रोजचे वजन.

आता वहीत आपला अंदाज लिहून ठेवा. ‘पातळ थर आधी सुकेल, कारण प्रत्येक मिरचीला ऊन आणि वारा लागेल.’ अंदाज आधी लिहायचा आणि नंतर तो खोडायचा नाही. तो चुकला तरी बिघडत नाही. उलट, चुकलेला अंदाज अधिक शिकवतो.

दुसरी पायरी : ढीग किती?

पुष्कळ मुले इथे एक पातळ आणि एक जाड, असे दोनच ढीग करतील. समजा, पातळ ढीग ७ दिवसांत सुकला आणि जाड ढीग १० दिवसांत. झाले का सिद्ध? नाही! कदाचित जाड ढिगावर दुपारी भिंतीची सावली पडत असेल. कदाचित त्या ढिगात जाड सालीच्या मिरच्या जास्त आल्या असतील. एकेकाच ढिगावरून हे कळायला मार्ग नाही.

म्हणून प्रत्येक प्रकारचे निदान तीन ढीग करा. अर्ध्या किलोचा एक याप्रमाणे सहा ढिगांना तीन किलो मिरची लागेल. कोणता ढीग कोणत्या जागी ठेवायचा, हे तुम्ही मनाने ठरवू नका. सहा जागांना क्रमांक द्या, चिठ्ठ्या टाका आणि जी जागा निघेल तिथे तो ढीग ठेवा. सावलीची जागा कोणाच्या वाट्याला यावी, हे मग चिठ्ठी ठरवते. त्यात तुमच्या मनातली आवडनिवड शिरत नाही. ही युक्ती पोरखेळ वाटेल, पण शेतीच्या प्रयोगांत तिचे महत्त्व दाखवून देणारे रोनाल्ड फिशर हे विसाव्या शतकातील मोठे संख्याशास्त्रज्ञ होते. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथील कृषी संशोधन केंद्रात १९१९ पासून काम करताना त्यांनी प्रयोगांच्या आखणीचे जे नियम बसवले, ते आजही जगभर पाळले जातात.

आता आकडे कसे वाचायचे ते पाहा. समजा, तीन पातळ ढिगांना ७, ७ आणि ८ दिवस लागले, तर तीन जाड ढिगांना ९, १० आणि १२ दिवस. सरासरी काढली तर ती साधारण ७.३ आणि १०.३ येते. शिवाय सर्वांत सावकाश सुकलेला पातळ ढीगसुद्धा सर्वांत लवकर सुकलेल्या जाड ढिगाच्या आधी तयार झाला. इथे ‘फरक दिसतो’ असे म्हणायला आधार आहे.

पण समजा, आकडे ७, ९, ११ आणि ८, १०, १२ असे आले. सरासरी ९ आणि १० झाली. फरक एका दिवसाचा. मात्र एकाच प्रकारच्या ढिगांत आपापसात ४ दिवसांचा फरक आहे! मग त्या एका दिवसावर विश्वास ठेवायचा कसा? अशा वेळी प्रामाणिक निष्कर्ष एवढाच निघतो : ‘या प्रयोगावरून फरक सांगता येत नाही, आणखी ढीग घ्यायला हवेत.’ हे वाक्य लिहायला धैर्य लागते. परंतु अनुभवी परीक्षक नेमके याच वाक्यावर खूश होतात.

तिसरी पायरी : मोजमाप आणि एक फसवे गणित

रोज ठरावीक वेळी, म्हणजे ऊन उतरल्यावर, प्रत्येक ढिगाचे वजन करा. किराणा दुकानात असतो तसा इलेक्ट्रॉनिक काटा असला तर उत्तम. काटा रोज तोच वापरा आणि वजन करण्यापूर्वी एखादी ठरलेली वस्तू, उदाहरणार्थ २०० ग्रॅमचे वजनमाप, त्यावर ठेवून पाहा. काटाच चुकत असेल तर ते तिथेच कळेल. मिरची हाताळताना डोळ्यांना हात लावू नका.

पहिले काही दिवस वजन झपाट्याने उतरेल, मग हळूहळू, आणि शेवटी ते जवळजवळ स्थिर होईल. आडव्या अक्षावर दिवस आणि उभ्या अक्षावर वजन घेऊन आलेख काढा. तो सरळ रेषा येतो की वक्र? वक्र येत असेल तर का? सालीच्या जवळचे पाणी आधी उडून जाते, आतले पाणी सालीपर्यंत यायला वेळ लागतो. पुस्तकात वाचलेले बाष्पीभवन आणि विसरण हे शब्द इथे तुमच्या आलेखात उतरलेले दिसतील.

वजन स्थिर झाले म्हणजे मिरचीत पाणी उरले नाही, असे मात्र समजू नका. हवेत बाष्प असते. मिरची जितके पाणी सोडते तितकेच हवेतून परत घेऊ लागली, की वजन थांबते. म्हणूनच दमट दिवशी सुकी मिरची पुन्हा मऊ पडते आणि तिचे वजन वाढते. किती पाणी उरले ते नेमके काढायचे असेल तर थोडी मिरची तापवणीत, म्हणजे ओव्हनमध्ये, साधारण १०५ अंश सेल्सिअसला वजन उतरायचे थांबेपर्यंत ठेवावी लागते. मिरचीच्या वाफा झोंबतात, म्हणून हे काम शिक्षकांच्या देखरेखीखाली आणि खिडक्या उघड्या ठेवूनच करावे. शाळेत तापवणी नसेल, तर जवळच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत विनंती करता येते.

आता गणित. समजा, ओल्या मिरचीत ७५ टक्के पाणी आहे आणि आपल्याला १० टक्के पाणी उरेपर्यंत ती सुकवायची आहे. ५०० ग्रॅम मिरचीचे शेवटी किती ग्रॅम होतील? पुस्तक बाजूला ठेवून आधी स्वतः उत्तर काढा.

पुष्कळ जण म्हणतील, ‘७५ वजा १० म्हणजे ६५. पाचशेचे ६५ टक्के म्हणजे ३२५ ग्रॅम पाणी गेले. उरले १७५ ग्रॅम.’ उत्तर झटपट आले, पण चुकले! कारण हे १० टक्के सुरुवातीच्या ५०० ग्रॅमचे नाहीत, शेवटी उरलेल्या वजनाचे आहेत.

जे बदलत नाही, ते धरून चला. ५०० ग्रॅम मिरचीत पाणी ३७५ ग्रॅम आणि कोरडा भाग १२५ ग्रॅम. सुकताना पाणी जाते, कोरडा भाग तेवढाच राहतो. शेवटी पाणी १० टक्के, म्हणजे कोरडा भाग ९० टक्के. १२५ ग्रॅम म्हणजे ९० टक्के, तर शंभर टक्के किती? १२५ भागिले ०.९, म्हणजे सुमारे १३९ ग्रॅम. याचा अर्थ ३६१ ग्रॅम पाणी उडून जायला हवे.

१७५ ग्रॅमवर थांबलो असतो तर? त्यात ५० ग्रॅम पाणी उरले असते, म्हणजे सुमारे २९ टक्के. अशी मिरची पोत्यात भरली तर तिला बुरशी लागण्याचा धोका फार. शाळेच्या पेपरात ही चूक दोन गुणांची, पण पथारीवर तीच चूक पोतीच्या पोती माल खराब करू शकते. तुमच्या मिरचीचे आकडे यापेक्षा वेगळे येतील. रीत मात्र हीच राहील.

चौथी पायरी : वहीची शिस्त

संशोधकाची वही म्हणजे त्याची साक्ष. तिची पाने क्रमांक घालून बांधलेली असावीत, सुट्या कागदांवर नोंदी नकोत. तारीख, वेळ, हवामान आणि वजन त्याच क्षणी पेनाने लिहा. चूक झाली तर एक आडवी रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहा. खाडाखोड करून जुना आकडा झाकू नका.

समजा, सहाव्या दिवशी शेळीने एका ढिगात तोंड घातले आणि वजन एकदम उतरले. काय कराल? तो आकडा गुपचूप ‘दुरुस्त’ करण्याचा मोह होईल. एखादा मित्र म्हणेल, ‘कोणाला कळणार आहे?’ कोणाला कळणार नाही, हे खरे. पण त्यानंतर त्या वहीतल्या कोणत्याच आकड्यावर तुमचा स्वतःचाही विश्वास राहणार नाही. शेळीची हकीकत जशी घडली तशी लिहा आणि तो ढीग हिशेबातून का वगळला, तेही लिहा. वहीत शेळी आल्याने वही कमी दर्जाची होत नाही, उलट ती खरी वाटते.

शेवटी निष्कर्ष लिहिताना त्याची मर्यादाही सांगा. तुमचा प्रयोग एका गच्चीवर, एका महिन्यात, एका वाणावर झाला. ‘भारतातील सर्व मिरची’ असे लिहिण्याचा अधिकार त्याने मिळत नाही.

महाविद्यालयात याचे काय?

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. या सगळ्याचा पुढे काय उपयोग?

आपल्या जिल्ह्यातली कितीतरी मुले घरातून महाविद्यालयात जाणारी पहिलीच असतात. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यात सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. पुष्कळ घरांत भिली, पावरी, मावची अशा बोली बोलल्या जातात. शाळेत मराठी येते आणि महाविद्यालयात विज्ञान शाखा घेतली की बहुतेक ठिकाणी इंग्रजी. धडगाव किंवा अक्कलकुव्याचा हुशार विद्यार्थी चांगले गुण मिळवून शहरात जातो, आणि वर्गात एकदम गप्प होतो. त्याची बुद्धी कमी झालेली नसते. आजवर त्याने दुसऱ्यांच्या प्रश्नांची उत्तरे दिलेली असतात, स्वतःचा प्रश्न विचारण्याची सवय त्याला कोणी लावलेली नसते.

ज्याने शाळेत एक तरी प्रयोग स्वतः आखला आहे, तो मात्र ‘मोजमापातील त्रुटी’ हा शब्द कोणत्याही भाषेत ऐकला तरी बुजत नाही. त्याच्या डोळ्यांसमोर किराणा दुकानातला तो काटा येतो. शब्दाआधी वस्तू माहीत असली की शब्द लवकर आपलासा होतो.

महाविद्यालयातही आता संशोधनाला पूर्वीपेक्षा अधिक जागा आहे. आपल्या जिल्ह्यातली बहुतेक महाविद्यालये ज्या विद्यापीठाशी जोडलेली आहेत, ते जळगावचे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० साली स्थापन झाले आणि आज त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव आहे. राज्यातल्या विद्यापीठांची ‘आविष्कार’ ही संशोधन स्पर्धा २००६ साली सुरू झाली. पदवीचे विद्यार्थीही तीत आपले काम मांडतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर चार वर्षांच्या पदवीची सोय केली असून, चौथ्या वर्षी संशोधन करून ‘संशोधनासह ऑनर्स’ पदवी घेता येते. दार उघडे आहे. पण तिथे पोहोचल्यावर प्रश्न कसा निवडायचा, वही कशी ठेवायची हे पहिल्यापासून शिकत बसण्यापेक्षा, त्याची सवय दहावीपर्यंतच झालेली असली तर केवढा फायदा!

आपल्या तालुक्यातले प्रश्न

मिरचीच घ्यायला हवी असे नाही. हे काही प्रश्न पाहा :

तोरणमाळ समुद्रसपाटीपासून साधारण १,१०० मीटरपेक्षा उंच आहे, तर नंदुरबार शहर सुमारे २०० मीटरवर. उंची वाढली की दर किलोमीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, असे पुस्तक सांगते. म्हणजे दोन ठिकाणी सहा अंशांच्या आसपास फरक हवा. तसा तो खरेच मिळतो का? दिवसा आणि पहाटे सारखाच मिळतो का? दोन शाळांनी मिळून महिनाभर एकाच वेळी सावलीतले तापमान मोजावे.

धडगावच्या घरांत कैऱ्या चिरून आमचूर करतात. चकत्या जाड ठेवल्या तर रंग बदलतो का? मोहाची फुले रात्रीतून किती वाजता जास्त गळतात? तुमच्या गावातल्या दहा विहिरींची पाण्याची पातळी दिवाळीपासून होळीपर्यंत दर आठवड्याला किती उतरते? नवापूरकडच्या आणि तापीकाठच्या मातीत सारखेच पाणी ओतले, तर कोणत्या मातीतून ते लवकर झिरपते?

दोन सूचना मात्र पाळा. विहिरीची पातळी मोजायला मोठ्या माणसाबरोबरच जा. आणि माणसांच्या आजारांविषयी किंवा रक्ताविषयी कोणतीही तपासणी वा चौकशी शाळेच्या प्रकल्पासाठी करू नका. सिकलसेलसारखा आजार आपल्या भागात आहे आणि त्याविषयी कुतूहल वाटणे साहजिक आहे. पण एखाद्याच्या आजाराची माहिती ही त्याची खाजगी गोष्ट असते, ती डॉक्टरांच्या हातीच राहिली पाहिजे. गावातल्या जाणत्या माणसाने वनस्पतींची नावे वा उपयोग सांगितले, तर त्यांची परवानगी घेऊन ती नोंदवा आणि अहवालात त्यांचे ऋण मान्य करा.

शिक्षकांसाठी चार शब्द

गुरुजनहो, अशा कामात आपली भूमिका थोडी अवघड असते. उत्तर माहीत असूनही गप्प राहावे लागते, आणि माहीत नसेल तर तसे मुलांपुढे मान्य करावे लागते. ‘मलाही ठाऊक नाही, चल, शोधू या,’ या एका वाक्याने मुलाला जेवढा धीर येतो, तेवढा पाठ्यपुस्तकाच्या दहा पानांनी येत नाही. अहवाल मुलांच्याच शब्दांत राहू द्या. भाषा ओबडधोबड असली तरी चालेल. आपण लिहून दिलेल्या सुबक अहवालाने जिल्ह्यात पारितोषिक मिळेलही, पण परीक्षकाने एक आडवा प्रश्न विचारला की मूल आपल्याकडे पाहू लागेल. गुण देताना वेष्टणाआधी कच्ची वही मागून पाहावी. तीत तारखा आहेत का, चुकलेले आकडे दिसतात का, मुलाला ‘असे का केलेस?’ विचारल्यावर सांगता येते का, हे तपासावे. वर्गातल्या सगळ्यांना एकाच वर्षी हे जमणार नाही. दोन मुलांपासून सुरुवात केली तरी पुरे.

मग कधी सुरुवात करता?

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या संशोधनातून एखादा मोठा शोध लागेलच असे मी म्हणत नाही. पण समजा, तुमच्या सहा ढिगांवरून दिसले की थर पातळ ठेवल्याने तीन दिवस वाचतात. अवकाळी पावसाचे ढग दिसू लागले असताना पथारीवर तीन दिवस किती मोलाचे असतात, हे तुमच्या घरच्यांना विचारा. आणि फरक नाही असे दिसले, तरी तेही कोणीतरी पहिल्यांदाच मोजून सांगितलेले असेल.

आज संध्याकाळी एक कोरी वही घ्या. पानांना क्रमांक घाला. पहिल्या पानावर तारीख टाका आणि शाळेच्या वाटेवर रोज दिसणाऱ्या पण आजवर कधी न विचारलेल्या एका गोष्टीविषयी प्रश्न लिहा. दुसऱ्या पानावर तुमचा अंदाज. तिसरे पान मोजमापासाठी कोरे ठेवा. ते भरले, की आमच्याकडे जरूर कळवा. अंदाज चुकला असेल, तर आधी कळवा!